सांधले जाणारे रबर आणि भरून येणारी जखम

शरीराचे आपल्यावर एक मोठे ऋण आहे. त्याचे दुरुस्तीचे काम आपल्या नकळत चालते. भाजी चिरताना विळी लागते, आपण बोटाला स्वच्छ फडके गुंडाळतो, आणि आठ-दहा दिवसांनी तेच बोट पुन्हा भाकरी थापू लागते. मधल्या दिवसांत त्या बोटात काय घडले, याची चौकशी आपण कधी करीत नाही. याउलट सायकलची ट्यूब, ठिबकाची नळी किंवा पायातील चप्पल एकदा फाटली, की ती आपणहून जुळत नाही. सजीव आणि निर्जीव यांच्यातील हा भेद आपण गृहीतच धरलेला असतो.

हा भेद आता थोडा पुसट होऊ लागला आहे. कापल्यावर स्वतःच सांधले जाणारे रबर आणि जेली प्रयोगशाळांत तयार झाली आहे. त्यांपासून मऊ, लवचिक यंत्रमानव बनवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. अशीच एक चित्रफीत मोबाईलवर पाहून एका वाचक भगिनीने या सदराला पत्र लिहिले आहे. त्यांच्या सासूबाईंच्या पायाला चार महिन्यांपासून जखम आहे, मधुमेहही आहे. त्या विचारतात, "कापलेले रबर पुन्हा जुळते, तसे काही औषध जखमेवर लावायला मिळते का? खर्चाची काळजी नाही." वाचकहो, या शेवटच्या वाक्यामागे किती थकवा आहे, हे घरात रुग्ण सांभाळणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. म्हणून आजचा लेख या प्रश्नासाठी.

थोडक्यात उत्तर असे, की असे औषध आज दुकानात मिळत नाही. परंतु हे रबर ज्या अटींवर जुळते, त्या समजून घेतल्या, तर घरातील जखमेसाठी आज काय करायचे याचा बराच उलगडा होतो.

मऊ यंत्रे कशासाठी?

यंत्रमानव म्हटले, की लोखंडी सांगाडा डोळ्यांपुढे येतो. कारखान्यात मोटारीचे पत्रे जोडायला तो उत्तम आहे. पण ऐंशी वर्षांच्या आजींचा हात धरून त्यांना उठवायचे असेल, तर लोखंडाची पकड कामाची नाही. म्हणून रबर आणि सिलिकॉन यांसारख्या मऊ पदार्थांपासून यंत्रे घडवण्याची एक स्वतंत्र शाखा उदयास आली. अशा यंत्रांत बहुधा पोकळ कप्पे असतात. त्यांत हवा भरली की ते वाकतात आणि हवा सोडली की पुन्हा सरळ होतात.

या कल्पनेचे एक मूळ आजारपणातच आहे. १९५० च्या दशकात जोसेफ मॅककिबेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्या हातांतील शक्ती गेली. तिच्या बोटांची हालचाल व्हावी म्हणून त्याने रबरी नळीभोवती विणलेली जाळी बसवून एक कृत्रिम स्नायू वापरात आणला. नळीत हवा भरली की ती फुगते, जाडीला वाढते आणि लांबीला आखडते. आखडताना ती बोटे ओढून घेते. आपला दंडाचा स्नायूही असाच फुगतो आणि आखडतो. आज हार्वर्ड विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्धांगवायूने बोटे मिटता न येणाऱ्या रुग्णांसाठी याच धर्तीचे मऊ हातमोजे तयार करून पाहिले गेले आहेत.

मऊपणा हा या यंत्रांचा गुण आहे, तसाच तो त्यांचा दोषही आहे. बाभळीचा एक काटा किंवा काचेचा एक कण घुसला, तरी हवा निसटते आणि यंत्र निकामी होते. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष स्वतः सांधल्या जाणाऱ्या पदार्थांकडे वळले. त्या कथेचा एक महत्त्वाचा भाग आपल्या पुण्यात घडला आहे.

पुण्यातील जेली

पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये झाले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ मध्ये तिचे संचालक झाले. तेथे डॉ. माशेलकर, डॉ. आशीष लेले आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. शायनी वर्गीस यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या जेलींवर बरेच काम केले. धातूच्या आयनांच्या मध्यस्थीने अशी जेली सांधता येते, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे डॉ. वर्गीस कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील विद्यापीठात गेल्या. २०१२ मध्ये तेथील चमूने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात काही सेकंदांत जुळणाऱ्या जेलीचे वर्णन केले. त्या निबंधाचे प्रथम लेखक अमेय फडके होते, आणि लेखकांत डॉ. लेले व डॉ. माशेलकर यांचीही नावे आहेत.

अशा जेलीला हायड्रोजेल म्हणतात. नाव नवे वाटले, तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. डोळ्यांत घालण्याची मऊ काँटॅक्ट लेन्स हायड्रोजेलचीच असते. मोठ्या माणसांच्या डायपरमधील दाणे ओले होऊन फुगतात, तेही हायड्रोजेलच. लांबलचक रेणूंचे जाळे आणि त्यात अडकलेले पाणी, अशी त्याची रचना असते.

या विशिष्ट जेलीतील रेणूंच्या साखळीला ठिकठिकाणी लोंबत्या शाखा आहेत. त्या शाखांची टोके हाताच्या बोटांसारखी समोरच्या बोटांना धरतात. जेली कापून तिचे दोन भाग केले आणि आम्लधर्मी द्रवात एकमेकांना टेकवले, की दोन्ही बाजूंची बोटे एकमेकांत गुंततात आणि तुकडा अखंड होतो. द्रव अल्कधर्मी केला, की बोटे सुटतात आणि भाग पुन्हा वेगळे होतात. शाखांची लांबीही नेमकी असावी लागते. आखूड शाखा समोरच्या काठापर्यंत पोहोचत नाहीत आणि फार लांब शाखांची पकड नीट बसत नाही.

या जेलीला आम्ल मानवते, म्हणून शास्त्रज्ञांनी तिचे दोन उपयोग सुचवले. गळणाऱ्या आम्लाच्या भांड्याची चीर बुजवणे हा एक आणि जठरातील व्रणापर्यंत औषध पोहोचवून तेथे टिकवून ठेवणे हा दुसरा. आपल्या जठरात मुळातच तीव्र आम्ल असते. मात्र सुचवलेला उपयोग आणि रुग्णाच्या हाती येणारे औषध यांच्यामध्ये सुरक्षिततेच्या चाचण्यांची लांब वाट असते, हे विसरू नये.

इतरत्रही अशी कामे झाली आहेत. पॅरिसमधील लुडविक लाइबलर यांच्या गटाने २००८ मध्ये स्निग्धाम्ले आणि युरिया यांपासून एक रबर बनवले. ते कापून नुसते एकमेकांवर दाबले, तरी साध्या तापमानाला जुळते. ब्रुसेल्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये मऊ यंत्राचा पंजा आणि कृत्रिम स्नायू दाखवले. ते कापले गेले, तर ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश थंड केल्यावर पुन्हा अखंड होतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २०२२ मध्ये एक छोटे मऊ यंत्र तयार झाले. त्याच्या पायाला भोक पाडले, तर ती इजा त्याची त्यालाच कळते, साधारण मिनिटभरात भोक बुजते आणि यंत्र पुढे चालू लागते.

शरीराची रीत

हे सारे वाचून कोणालाही वाटेल, की आपली त्वचा या रबरापुढे फारच संथ आहे. पण दोघांच्या कामात मोठा फरक आहे. जेली फक्त दोन काठ जोडते. मधला तुकडा हरवला, तर तो ती नव्याने निर्माण करू शकत नाही. त्वचा मात्र हरवलेला भागही भरून काढते.

जखम होताच प्रथम रक्त गोठते आणि गळती थांबते. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू व मृत पेशी साफ करतात. या काळात थोडी सूज आणि लाली येते, ती या सफाईची खूण असते. त्यानंतर नवे लालसर मांस भरू लागते, बारीक रक्तवाहिन्या उगवतात आणि कडांकडून नवी त्वचा आत सरकते. शेवटी कोलॅजन नावाच्या तंतूंची फेररचना होते. ही शेवटची पायरी वर्षभर आणि कधी त्याहूनही अधिक काळ चालते. एवढे होऊनही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. म्हणून भरलेल्या जखमेची जागा पुढेही जपावी लागते.

वय वाढते तसे हे काम मंदावते. त्वचेचे वरचे दोन थर एकमेकांत जसे घट्ट गुंतलेले असतात, ती गुंतवण सपाट होते. त्यामुळे खाटेचा कोपरा नुसता घासला, तरी कातडी पदरासारखी सुटून येते. रक्तपुरवठा कमी होतो. मधुमेहात भर पडते ती बधिर पायांची, कारण दुखले नाही तर जखम कळतच नाही. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉईड घेणाऱ्यांची कातडी आणखी पातळ होते.

दोघांच्या समान अटी

रबर असो वा त्वचा, काही अटी पाळल्याशिवाय सांधा जुळत नाही. त्या एकेक करून पाहू.

पहिली अट : कडा एकमेकींना भिडाव्यात. वृद्धांच्या नडगीवर किंवा कोपराजवळ कातडी सुटली, की घरातील कोणीतरी ती कात्रीने कापून टाकते. तसे करू नका. ती कातडी हे शरीराचे स्वतःचे उत्तम आच्छादन आहे. स्वच्छ कपड्याने दहा मिनिटे हलका दाब देऊन रक्त थांबवा. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने जागा धुवा. ओल्या गॉजने ती कातडी हळूच मूळ जागी पसरा, ओढून ताणू नका. वर न चिकटणारी पॅराफिनची जाळी ठेवून सैलसर बँडेज गुंडाळा. चिकटपट्टी थेट कातडीवर लावू नका, कारण काढताना तीच नवी जखम करते. कातडी ज्या दिशेने पसरली, ती दिशा बँडेजवर बाणाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पट्टी त्याच दिशेने सोडवता येईल. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी अट : काठ स्वच्छ असावेत. पंक्चर काढणारा मुलगा ट्यूब आधी घासतो, पुसतो आणि मगच सोल्युशन लावतो. धुळीवर ठिगळ बसत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जखमेवर मात्र आपण हळद, चुना, तंबाखू, राख आणि कॉफीची पूड बिनदिक्कत भरतो. पाकात आणि दुधात हळद उत्तम, पण उघड्या जखमेत डब्यातली कोणतीही पूड म्हणजे बाहेरून आणलेली माती आणि जंतू. शिवाय पुडीखाली जखमेचा रंग दिसत नाही, आणि रोगनिदान अवघड होते. वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुणे हे पहिले औषध आहे. शेतातील माती, खिळा किंवा शेणाचा संपर्क आला असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी त्याच दिवशी विचारा. लहानपणी घेतलेली लस आयुष्यभर पुरत नाही.

तिसरी अट : भोवतालचे वातावरण अनुकूल असावे. जेलीला आम्ल लागते, तर जखमेला माफक ओलावा. "जखम मोकळी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या" हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने सरकते. कारण सोपे आहे. कडेकडून येणाऱ्या नव्या पेशींना कडक खपलीखालून वाट खणत यावे लागत नाही. आजच्या आधुनिक पट्ट्या याच तत्त्वावर बनतात.

येथे एक गोंधळ दूर करतो. औषधाच्या दुकानात "हायड्रोजेल ड्रेसिंग" मिळते. ते वर सांगितलेले स्वतः सांधणारे हायड्रोजेल नव्हे. ते कोरड्या, काळपट पापुद्रा धरलेल्या जखमेला ओलावा देते. ज्या जखमेतून मुळातच खूप पाणी येते, तिच्यावर ते लावले, तर भोवतालची कातडी भिजून पांढरी पडते आणि जखम वाढते. पायाला रक्त कमी पोहोचत असताना बोटाचा कोरडा काळा भाग ओला करणेही धोक्याचे ठरू शकते. म्हणून नाव सारखे आहे एवढ्यावरून खरेदी करू नका. कोणत्या जखमेला कोणती पट्टी, हे जखम पाहूनच ठरते.

चौथी अट : उशीर नको. पॅरिसच्या त्या रबराचा एक गुण मला फार बोलका वाटतो. कापलेले काठ लगेच टेकवले, तर सांधा उत्तम जमतो. पण ते तसेच वेगळे राहू दिले, तर काठांवरच्या मोकळ्या "बोटांना" आपल्याच बाजूचे जोडीदार मिळतात आणि जुळण्याची क्षमता तासागणिक घटते. आपल्या शरीरातही ताज्या जखमेला टाके घालण्याची योग्य वेळ असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेल्या मातीने भरलेल्या जखमेला बहुधा टाके घालता येत नाहीत, ती उघडी ठेवून तळापासून भरू द्यावी लागते.

काही वर्षांपूर्वी करकंबजवळच्या वस्तीवरील एक शेतकरी माझ्याकडे आले. उसाला पाणी देताना त्यांच्या पायाला पाचटाचा खुंट लागला होता. मधुमेहामुळे दुखले नाही, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. मग कोणीतरी "कोणतीही जखम आपोआप सांधणारी" म्हणून एक महागडी मलमाची डबी विकली. दीड महिना ते तीच लावत राहिले. आले तेव्हा करंगळी काळी पडली होती आणि जंतू हाडापर्यंत गेले होते. पुढे शस्त्रक्रियेत दोन बोटे काढावी लागली, पाऊल मात्र वाचले. त्या मलमात अपायकारक काही होते असे नाही. अपाय केला तो वाट पाहण्यात गेलेल्या दीड महिन्याने.

पाचवी अट : सांधा जुळेपर्यंत भार नको. ब्रुसेल्सचा तो पंजा दुरुस्त होत असताना काम करीत नाही. त्याला थांबवावेच लागते. पावलाच्या तळव्याला जखम असेल आणि रुग्ण त्याच पायावर दिवसभर वावरत असेल, तर जगातील कोणतेही औषध तेथे हरते. जखमेच्या जागी दाब येणार नाही अशी चप्पल, आधाराची काठी, काही वेळा प्लास्टर, हे त्या जखमेचे खरे उपचार आहेत.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे शय्याव्रण हेही दाबामुळेच होतात. कूस दर दोन तासांनी बदला. खुर्चीत बसणाऱ्यांनी पंधरा ते तीस मिनिटांनी थोडे उठावे किंवा एका बाजूला कलावे. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी ठेवा. माकडहाड, कंबरेच्या बाजू, टाचा आणि घोटे रोज पाहा. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडले आणि लाली तशीच राहिली, तर ती व्रणाची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे भोवतालपेक्षा गरम, टणक किंवा काळपट लागणारी जागा शोधा. अशी जागा चोळू नका. कडीसारखी गोल फुगवायची उशीही वापरू नका, कारण तिच्या कडेचा दाब रक्तप्रवाह आणखी अडवतो. हवेची गादी उपयोगी आहे, मात्र ती घेतल्याने कूस बदलणे थांबवता येत नाही.

रबराला न लागणारी गोष्ट

एक गोष्ट रबराला लागत नाही, त्वचेला मात्र तिच्यावाचून चालत नाही. ती म्हणजे पुरवठा. नव्या पेशींसाठी लागणारे सारे सामान रक्तातून येते. रक्तातील साखर आटोक्यात नसेल, तर पांढऱ्या पेशी सुस्तावतात. तंबाखू, बिडी आणि मशेरी यांतील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. आपल्या भागातील कित्येक आजी मशेरीला व्यसन मानतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

जखम भरत असलेल्या वृद्धाला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलो वजनाला हे प्रमाण ६० ते ७५ ग्रॅम होते. चहा-बिस्किटे आणि मऊ भात यांतून ते मिळत नाही. डाळी, मोडाची मटकी, दूध, दही, चालत असल्यास अंडी यांचा वाटा वाढवावा. आपल्या करकंबची बाजार आमटी अनेक डाळींची असते. तिखट आणि तेलाचा तवंग कमी करून तीच घट्टसर केली, तर दात नसलेल्या आजोबांनाही ती खाता येते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

त्या पत्राचे उत्तर

आता सासूबाईंच्या चार महिन्यांच्या जखमेविषयी. योग्य काळजी घेऊनही मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याने लहान झाली नाही, तर पट्टी बदलण्यापेक्षा कारण शोधणे महत्त्वाचे असते. पायाला रक्त पोहोचते का, हे डॉपलर तपासणीने कळते. हाडात जंतू गेले आहेत का, हे एक्स-रे आणि गरज पडल्यास पुढील तपासण्यांनी कळते. शिरा फुगल्याने झालेला व्रण असेल, तर त्याचा उपचार वेगळा असतो, आणि तेथेही घट्ट पट्टी बांधण्यापूर्वी रक्तपुरवठा तपासावा लागतो. दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेच्या काठाचा तुकडा तपासणीसाठी पाठवणेही कधी आवश्यक ठरते, कारण क्वचित तेथे कर्करोग लपलेला असतो. "खर्चाची काळजी नाही" असे आपण लिहिले आहे. तो खर्च जाहिरातीतील डबीवर न करता या तपासण्यांवर करा.

पुढील लक्षणे दिसल्यास वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा: जखमेभोवतीची लाली वाढत जाणे, दुर्गंधी, ताप किंवा थंडी, बोट निळे वा काळे पडणे, पाऊल अचानक गार पडणे, आणि एरवी शुद्धीवर असणारा वृद्ध एकाएकी असंबद्ध बोलू लागणे. म्हातारपणी ताप न येताही जंतुसंसर्ग पसरतो, हे लक्षात असू द्या.

ज्यांना मधुमेह आहे पण जखम नाही, त्यांनी रोज रात्री पावले पाहावीत. वाकता येत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. गार पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये, बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही. आपण पंढरीच्या वाटेवर राहणारी माणसे. आषाढी-कार्तिकीला अनवाणी चालण्याचा नवस अनेकांचा असतो. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी तो नवस मोजे आणि मऊ पादत्राणे घालून फेडावा. विठ्ठलाला आपले पाऊल शाबूत हवे आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

मऊ यंत्रांचे युग येईल, याविषयी मला शंका नाही. अर्धांगवायू झालेल्या हाताला आधार देणारे हातमोजे, अंथरुणावरील माणसाला न दुखवता कुशीवर वळवणारी साधने, काटा घुसला तरी आपली आपण दुरुस्त होणारी कृत्रिम पकड, यांची वाट आपण जरूर पाहावी. तोवर कूस वळवणारे हात घरातल्या माणसांचेच आहेत, आणि बहुतेक घरांत ते एकाच बाईचे आहेत.

त्या हातांसाठी दोन शब्द. दुरुस्त होणारे यंत्र आधी थांबवावे लागते, हे आपण पाहिले. रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या माणसालाही थांबण्याची गरज असते. रात्रीच्या पाळ्या घरातील सर्वांनी वाटून घ्याव्यात. आठवड्यातून एक दुपार तरी तिला रुग्णापासून पूर्ण मोकळी मिळावी. तिची कंबर, तिची झोप आणि तिची साखरही कोणीतरी तपासावी. गावाबाहेर असणाऱ्या भावा-बहिणींनी फोनवर सूचना देण्याऐवजी चार दिवस येऊन राहावे. सुनेने हे स्वतः मागणे कठीण असते, म्हणून डॉक्टर या नात्याने मी ते लिहून देतो. हवे तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवा.

आणि हा लेख वाचून होताच एक काम करा. घरातील वडीलधाऱ्यांचे मोजे उतरवा, दिवा जवळ घ्या, आणि दोन्ही तळपाय नीट पाहून घ्या.